पोतं उचलायची गाडी नंतर, आधी उचलणंच कमी करूया

सभासद बंधू-भगिनींनो,


ऊस विकास खात्याच्या माणसानं या पानावर लागणीचं, खोडव्याचं, बेणेबदलाचं, फार तर हुमणीचं लिहावं, अशी आजवरची रीत आहे. आम्हीही तेच लिहीत आलो. या वेळी मात्र विषय बांधावरचा नाही, गोदामातला आहे. कुणी म्हणेल, ऊसवाल्याला गोदामाची उठाठेव कशाला? तर एक म्हणजे खताच्या गोदामाशी आमच्या खात्याचा रोजचा संबंध. आणि दुसरं म्हणजे, गोदामात जो खर्च होतो तो आभाळातून येत नाही. तुमच्या उसाच्या टनामागच्या पैशातूनच जातो. तेव्हा हा विषय तुमच्या-आमच्या घरचाच आहे.

त्याचं झालं असं. परवा कोडोलीत एस.टी. स्टँडजवळ चहा घेत उभे असताना एका जाणत्या सभासदांनी आम्हाला गाठलं. म्हणाले, "काय साहेब, आमचा थोरला शिरोलीच्या एमआयडीसीत हाय. तिथं म्हणं पोत्याला माणूस हातसुदिक लावत न्हाई. काट्याची गाडी येती आन् टनभर माल उचलून नेती. आपल्या गोदामात असल्या धा गाड्या का घेत न्हाईसा? किती दिवस हमालाच्या पाठीवर पोती टाकायची?"

प्रश्न रास्त होता आणि त्यामागची कळकळही खरी होती. उभ्या उभ्या उत्तर देणं आम्हाला जमलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहीत आहोत.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. फोर्कलिफ्ट वाईट नव्हे. पण गोदामाचं सगळं काम तिच्या गळ्यात घालणं शहाणपणाचं नव्हे. पोतं कशानं उचलायचं हा प्रश्न दुसरा. ते किती वेळा उचलावं लागतं, आणि त्यातलं किती उचलणं फुकटचं आहे, हा प्रश्न पहिला. पहिला प्रश्न न सोडवता दुसऱ्यावर पैसे घालणं म्हणजे गळक्या पाटाला मोठा पंप बसवण्यासारखं आहे.

गव्हाणीपासून गोदामापर्यंत

आपला कारखानाच एकदा नीट नजरेसमोर आणा. गळीत हंगामाच्या सुरुवातीला आपण मोळीची पूजा करतो आणि ती गव्हाणीत टाकतो. तिथून पुढं काय होतं? ऊस कॅरियरवरून आपोआप पुढं सरकतो, सुऱ्यांखाली जातो, मिलमध्ये जातो. रस पंपानं चढतो. बगॅस पट्ट्यावरून बॉयलरकडं जातं. पाक वरच्या मजल्यावरून खाली मशीनला येतो. साखर ग्रासहॉपरवर उड्या मारत ग्रेडरला जाते, तोलली जाते, पोत्यात पडते, तोंड शिवलं जातं. हजारो टन माल रोज एवढा फिरतो, पण कुणी तो उचलून इकडचा तिकडं नेत नाही. माल वाहतो.

आणि पोतं शिवून झालं, की मग मात्र आपलं डोकं चालायचं थांबतं. तिथून पुढं उचला, ठेवा, पुन्हा उचला, पुन्हा ठेवा. ज्यांनी हा कारखाना आखला त्यांनी गव्हाणीपासून ग्रेडरपर्यंत जी अक्कल वापरली, तीच गोदामाच्या दारातून आत का जाऊ नये, एवढाच आमचा सवाल आहे.

आपल्याच जिल्ह्यात याचा दाखला आहे. पूर्वी दूध संस्थेतून चाळीस लिटरचे कॅन भरून टेम्पोत चढवायचे, संघाच्या धक्क्यावर उतरवायचे, रिकामे धुऊन परत आणायचे. पुढं गावोगावी दूध थंड करायच्या टाक्या आल्या आणि दूध नळीनं टँकरमध्ये जाऊ लागलं. तिथं कॅन उचलायचं यंत्र कुणी आणलं नाही, कॅनच घालवला. इथेनॉलचंही तसंच, टाकीतून टँकरमध्ये जातं, पाठीवर कुणी घेत नाही. युरोपात बीटाची साखर मोठमोठ्या उंच कोठारांत सुटीच साठवतात आणि टँकरनं गिऱ्हाइकाकडं नेतात. आपली विक्री पोत्यातली आहे, ती लगेच बदलणार नाही हे आम्हाला कळतं. पण दिशा कुठली, हे त्यावरून ध्यानात यावं.

थोडा हिशेब

समजा, एखादा कारखाना दिवसाला ५,००० टन ऊस गाळतो आणि साखर उतारा १२ टक्के आहे. रस-पाक इथेनॉलकडं वळवला नाही असं धरू. म्हणजे रोजची साखर ६०० टन. ५० किलोच्या पोत्यात भरली तर १२,००० पोती. हंगाम दीडशे दिवसांचा धरला तर १८ लाख पोती.

आता ही पोती फोर्कलिफ्टनं न्यायची म्हटलं तर एका खेपेला वीस पोती, म्हणजे टनभर माल. रोजच्या ६०० भरल्या खेपा झाल्या. पण तेवढ्याच ६०० रिकाम्या परत येतात, त्या कुणी मोजत नाही. बैलगाडी ऊस टाकून रिकामी परतते तेव्हा गाडीवान हळहळतो. इथं मात्र निम्मी येरझार रिकामी, आणि डिझेल किंवा बॅटरी दोन्ही वेळा जळते.

हीच १२,००० पोती चोवीस तासांत पट्ट्यावरून न्यायची तर मिनिटाला आठ-नऊ पोती पुढं सरकली की काम झालं. एवढं काम साधा पट्टा आणि त्याच्या शेवटी थप्पीला लावायचा चाकावरचा चढता पट्टा सहज करतो. तो रिकामा माघारी येत नाही, वळत नाही, मागं बघायला विसरत नाही.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. फोर्कलिफ्टचे काटे सुट्या पोत्याखाली जात नाहीत. त्याला पॅलेट लागतं, म्हणजे फळ्यांचा बुटका चौथरा. त्या चौथऱ्यावर वीस पोती रचायची कुणी? हमालानंच. आणि ट्रकमध्ये पॅलेटसकट साखर सहसा जात नाही, सुटी पोतीच लावतात. म्हणजे तिथं पॅलेटवरून काढून पुन्हा रचायची, तीही हमालानंच. गाडी मधली चाल वाचवते हे खरं, पण कमरेतून वाकणं दोन्ही टोकांना शिल्लकच राहतं. आमच्या त्या सभासदांना हमालाच्या पाठीची काळजी होती. ती काळजी नुसत्या गाडीनं मिटत नाही, हे यातून दिसतं.

तिसरं, जागा. भार घेतलेली फोर्कलिफ्ट वळायची तर साधारण अकरा-बारा फुटांचा रस्ता मोकळा लागतो. साठ फूट रुंदीच्या गोदामात लांबीनं असा एक रस्ता सोडला की पाचवा हिस्सा जागा गेली. माणसाला चालायला आणि थप्पी तपासायला तीन-चार फुटांची बोळ पुरते. एवढी जागा रस्त्यात घालवून वर नवं गोदाम बांधायला निघालो, तर तो बोजा कुणाच्या डोक्यावर? शिवाय साखर हा खायचा माल. बंद गोदामात डिझेलचा धूर नको, हे सांगायला नको. बॅटरीची गाडी घेतली तर धूर नाही. पण शिशाच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो, त्यासाठी हवेशीर वेगळी खोली लागते. जमीन गुळगुळीत आणि भक्कम लागते ती वेगळीच.

माणसाचा जीव

आता आम्ही स्वतः पाहिलेलं सांगतो. काही वर्षांपूर्वी खताच्या कामासाठी एका गोदामात आम्ही दोन-तीन शेतकऱ्यांसह गेलो होतो. कुठलं गोदाम ते सांगण्यात अर्थ नाही; असं कुठंही घडू शकतं. एक म्हातारबुवा थप्पीच्या सावलीला टेकले होते. जेवणाची पिशवी शेजारी ठेवली होती. फोर्कलिफ्टवाला समोर माल उंच असल्यामुळं पुढचं दिसेना म्हणून उलटा येत होता. वळवताना गाडीचा मागचा भाग फिरला. कुणीतरी ओरडलं, आमच्या बरोबरच्या माणसानं म्हाताऱ्याचा हात धरून ओढला, आणि पिशवी चाकाखाली गेली. डब्याचा पत्रा झाला. म्हातारा वाचला. त्यानं उठून पहिलं काय केलं असेल? चपलेनं सांडलेल्या भाकरीचा चुरा गोळा करायला लागला. आम्हाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

चालकाची चूक होती असं आम्ही म्हणणार नाही. त्या गाडीची घडणच तशी आहे. मोटारीची पुढची चाकं वळतात, हिची मागची. त्यामुळं वळताना शेपूट बाहेर फेकलं जातं. अडीच टन उचलणारी गाडी स्वतः रिकामी असतानाच साडेतीन-चार टनांची असते. भार वर उचलून वळली तर कलंडते. अमेरिकेत चालकाला प्रशिक्षण सक्तीचं आहे, दर तीन वर्षांनी त्याचं काम तपासावं लागतं, अठरा वर्षांखालच्या मुलाला हात लावू देत नाहीत. एवढं करूनही तिथं २०२२ साली कामावर फोर्कलिफ्टमुळं ७३ जणांचा जीव गेला. आणि आपल्याकडं? सभासदांच्या साखरेच्या दिवशी गोदामाच्या दारात मोटारसायकली, छोटे टेम्पो, पिशव्या घेऊन आलेल्या आयाबाया, बापाबरोबर आलेली पोरं, असा सगळा मेळा असतो. त्या गर्दीत ही गाडी फिरवायची का, याचा विचार गाडी आणण्याआधी व्हायला हवा.

हमालाचं काय?

इथं कुणी आमच्यावर उलटा आरोप करील की, "म्हणजे तुम्हाला हमालानं मरेपर्यंत पोती वाहावीत असंच वाटतं." तसं मुळीच नाही.

जुन्या लोकांना आठवत असेल, साखरेचं पोतं क्विंटलभराचं असायचं. माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या दीडपट ओझं पाठीवर. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं शिफारस केली होती की, मोठ्या पुरुष कामगारानंही हातानं ५५ किलोंपेक्षा जास्त ओझं वाहू नये. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही, इजा होईल इतकं जड ओझं कुणाला उचलायला लावू नये, असं ३४ वं कलम होतं. तरी क्विंटलचं पोतं पुढं कितीतरी वर्षं चाललं. पन्नास किलोचं पोतं आलं तेव्हा कुठं मानेचा मणका जरा सुटला. युरियाचं पोतं २०१८ पासून ५० वरून ४५ किलोंवर आलं. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात तीस किलोच्या गुळाच्या रव्याबरोबर लहान रवेही आले. ओझं हलकं करणं हाही उचलणं कमी करण्याचाच एक मार्ग आहे, आणि त्याला यंत्र लागत नाही.

हमालाला न्याय मिळाला तो कुणाच्या दयेनं नव्हे. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना एकत्र केलं. त्या माथाड्यांत आपल्याच सातारा-सांगली-कोल्हापूरकडची माणसं कितीतरी होती. १९६९ साली राज्यात माथाडी कायदा झाला. ज्यांच्या घामानं हा कायदा झाला, त्यांच्या पोराबाळांना एका दिवसात गाडी आणून घरी बसवणं सहकाराला शोभणारं नाही. आणि त्यांच्या पाठीवरचं ओझं तसंच ठेवणंही शोभणारं नाही.

पट्ट्याचा मार्ग या दोन्हींच्या मधला आहे. पट्टा पोतं थप्पीच्या उंचीपर्यंत नेऊन देतो, पण थप्पी लावायचं कसब माणसाचंच लागतं. उभी-आडवी पोती सांधा मोडून कशी बसवायची, भिंतीपासून अंतर किती ठेवायचं, पावसाळ्यात दमट हवा कुठल्या दारातून येते, कुठली थप्पी कलायला लागली आहे, हे आपले जुने हमाल पुस्तक न वाचता सांगतात. पट्टा चालवणं, त्याची देखभाल करणं, थप्पीची नोंद ठेवणं, ही कामं त्यांनाच शिकवावीत, आणि पगारही त्या हुद्द्याचा द्यावा.

पट्टाही लाडाचा नव्हे

एकाच बाजूनं बोललो तर ते बरोबर होणार नाही. पट्ट्याचाही धोका असतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथं इंपीरियल शुगर कंपनीच्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी मोठा स्फोट झाला आणि १४ कामगार दगावले. कोठाराखालचा साखरेचा पट्टा स्फोटाच्या आधी पत्र्यानं बंद करून घेतला होता. आत साखरेची बारीक धूळ साठत गेली आणि तिनं पेट घेतला. साखरेची धूळ हवेत उडाली आणि ठिणगी पडली, तर ती दारूसारखी उडते. तेव्हा पट्टा बसवला म्हणजे झालं असं नाही. रोज झाडलोट, बेअरिंगला वेळच्या वेळी ग्रीस, पट्टा थांबवायची दोरी हाताशी, सैल धोतर-उपरणं घालून जवळ जायचं नाही, एवढे नियम पाळावेच लागतील. फरक एवढाच की, पट्टा एका जागी असतो. धोका कुठं आहे ते आधी कळतं आणि तिथं कठडा घालता येतो. फोर्कलिफ्टचा धोका गोदामभर हिंडतो.

यंत्राला आमचा विरोध नाही

आम्ही यंत्राच्या विरोधात आहोत असं कुणी समजू नये. वारणा भाग यंत्राला कधी घाबरला नाही. १९९८ साली देशात गावोगावी संगणक ही नवलाई होती, तेव्हा वारणेच्या गावांत संगणक केंद्रं निघाली आणि शेतकऱ्याला उसाची नोंद, वजन, बिल गावातच बघायला मिळू लागलं. पण त्याचा पुढचा भाग जास्त शिकवणारा आहे. २००६-०७ च्या सुमारास काही गावांत असा प्रयोग झाला की, तेच काम संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर चालवून पाहिलं. ते चाललं, आणि स्वस्तात चाललं. का चाललं? कारण शेतकऱ्याला हवी होती ती चार आकड्यांची माहिती. त्यासाठी मोठं यंत्र लागत नव्हतं.

गोदामाला हाच धडा लावा. काम काय आहे ते आधी बघा आणि त्या मापाचं साधन घ्या. जड मोटार, गिअर बॉक्स, रसायनांची पिंपं, स्टोअरमधला अवजड माल, इथं फोर्कलिफ्टला तोड नाही. तिथं ती असावीच. थोड्या अंतरावर थोडा माल हलवायचा तर हातानं ओढायची पॅलेट गाडी दोन-अडीच टन माल ओढते आणि तिला डिझेलही लागत नाही. आणि रोजची हजारो पोती एकाच वाटेनं जायची, तर पट्टा.

आमच्या सूचना

मोठ्यांच्या पुढं शहाणपण सांगायचं म्हणून नव्हे, पण चर्चेला धरून काही सूचना मांडतो.

पहिली सूचना मोजणीची. एक पंधरवडा प्रत्येक पोत्याला शिवल्यापासून ट्रकमध्ये जाईपर्यंत किती वेळा हात लागतो ते वहीत लिहावं. वरच्या हिशेबात एक जरी हात कमी झाला, तरी दिवसाला १२,००० उचलणी, म्हणजे ६०० टन ओझं वाचतं. त्याला खर्च वही-पेन्सिलीचा.

दुसरी सूचना सरळ भरणीची. साखरेची विक्री सरकारच्या महिन्याच्या कोट्याप्रमाणं होते, त्यामुळं सगळी साखर लगेच जाऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो. पण हंगामात ज्या दिवशी टेंडरचे ट्रक दारात उभे असतात, त्या दिवशी नीट थंड झालेली साखर पट्ट्यावरून सरळ ट्रकमध्ये का जाऊ नये? ती आधी थप्पीला लावायची, मग तीच काढायची, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

तिसरी सूचना आमच्या खात्याला लागू आहे, म्हणून आधी आमचाच कान धरतो. खत रेल्वेच्या मालधक्क्यावरून मध्यवर्ती गोदामात उतरवायचं, तिथून गट ऑफिसला, तिथून गावात, असे तीन वेळा पोतं चढवतो-उतरवतो. सभासदांनी मागणी वेळेवर नोंदवली, तर पुरा ट्रक सरळ गावच्या सोसायटीच्या दारात उतरवता येईल. यात आमचं काम वाढेल, पण तुमचा खर्च कमी होईल. मात्र मागणी ऐन वेळी बदलू नका, ही विनंती.

चौथी सूचना माणसाच्या जिवाची. जी काही फोर्कलिफ्ट असेल तिला शिकलेलाच चालक असावा. माणसांची वाट पिवळ्या पट्ट्यानं वेगळी आखावी. काट्यांवर माणूस उभा करून वर चढवणं कायमचं बंद व्हावं. आणि सभासदांच्या साखरेच्या दिवशी वाटप चालू असेपर्यंत त्या दारात गाडी फिरूच नये.

एवढं करूनही यंत्र कमी पडलं, तर खुशाल घ्या. आम्ही स्वतः नारळ फोडायला येऊ. पण वार्षिक सभेत "गाड्या कधी घेणार?" हा प्रश्न विचारण्याआधी "पोत्याला हात किती वेळा लागतो?" हा प्रश्न सभासदांनी विचारावा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर विकणारा देतो. दुसऱ्याचं उत्तर आपल्यालाच शोधावं लागतं, आणि पैसा तिथंच वाचतो.

चहाच्या गाड्यावर भेटलेल्या आमच्या त्या सभासदांना आता एवढंच सांगतो: दादा, तुमच्या थोरल्याच्या कंपनीतली गाडी चांगलीच आहे. तिथलं काम तसं असेल. आपलं काम निराळं आहे. पुढच्या खेपेला कोडोलीत भेटलात की चहा आमच्याकडून, आणि मग आपण दोघं मिळून गोदामात जाऊ. तुम्ही थप्पीजवळ उभं राहून पोत्याचे हात मोजा, आम्ही वहीत लिहितो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी